स्वमग्न मुलाची शाळा निवडताना आणि बदलताना

माझा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. तो साडेसात वर्षांचा असताना आम्ही त्याची शाळा बदलली. नवी शाळा आम्ही सहा महिने शोधून, दोनदा प्रत्यक्ष पाहून आणि तिथल्या पालकांशी बोलून ठरवली होती, आणि ती शाळा खरोखरच चांगली होती. तरीही पहिले चार दिवस त्याने शाळेत पाण्याचा एक घोटही घेतला नाही. नव्या ताई त्याला स्टीलच्या पेल्यातून पाणी देत, तो पेला दूर सारी, आणि त्याला तहान नसावी असा त्यांचा समज होई. झाकणाला नळी असलेल्या बाटलीतूनच तो पाणी पितो, आणि ती बाटली त्याच्या डाव्या हाताशी ठेवली तरच तो ती उचलतो, हे जुन्या शाळेतल्या मावशींना ठाऊक होते. ते कोणत्याही अहवालात लिहिलेले नव्हते. आम्हीही ते सांगितले नव्हते, कारण घरात ती बाटली वर्षानुवर्षे त्याच जागी असे आणि त्यामुळे ते आमच्या कधी लक्षातच आले नव्हते.

जानेवारी उजाडला की पालकांच्या गटांत ‘कोणती शाळा चांगली?’ हा प्रश्न फिरू लागतो. माझ्या अनुभवाने मी असे म्हणेन की या प्रश्नाच्या जागी दुसरा प्रश्न ठेवावा : माझ्या मुलाविषयी आजवर जे कळले आहे ते या शाळेत कोण ऐकून घेईल आणि रोजच्या कामात कोण वापरेल? जे मूल स्वतःच्या तोंडाने सांगू शकते त्याच्याबाबत हा प्रश्न इतका निकडीचा नसतो. आपली मुले बहुधा तसे सांगू शकत नाहीत. म्हणून शाळा निवडतानाही आणि सोडतानाही हाच प्रश्न धरून चालावे लागते. पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः महाराष्ट्रातल्या पालकांसाठी आहे.

शाळांचे प्रकार आणि कागदपत्रे

आपल्याकडे केवळ स्वमग्न मुलांसाठी असलेल्या शाळा थोड्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत आहेत. याचे एक कारण कायद्याच्या इतिहासात आहे. अपंग व्यक्तींविषयीच्या १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि स्वमग्नता त्यांत नव्हती. स्वमग्नतेसह काही दिव्यांगत्वांसाठी केंद्रीय संस्था उभारणाऱ्या १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली, पण अपंगत्वाच्या मुख्य कायद्यात तिला स्वतंत्र स्थान मिळाले ते २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात, जेव्हा प्रकारांची संख्या २१ झाली. राज्यातल्या विशेष शाळा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग आणि तेव्हाच्या भाषेत ‘मतिमंद’ अशा चार गटांत उभ्या राहिल्या होत्या. त्यामुळे जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या पालकांना आजही बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळेचाच पर्याय प्रथम मिळतो. ती शाळा केवळ नावावरून नाकारू नये. स्वमग्न मुलांच्या गरजा समजून घेणारी एक जरी शिक्षिका तिथे असेल, तर ती शाळा मोठ्या नावाच्या शाळेपेक्षा उजवी ठरू शकते.

विशेष शाळा आणि उपचार केंद्र यांतला फरक मात्र प्रवेशापूर्वीच स्पष्ट करून घ्यावा. अनेक उपचार केंद्रे सकाळी तीन-चार तासांचा गट चालवतात, त्याला पालक आणि केंद्रचालक दोघेही ‘शाळा’च म्हणतात, आणि तिथले काम पुष्कळदा उत्तम असते. परंतु ज्या केंद्राला शाळा म्हणून मान्यता नाही, ते शाळा सोडल्याचा दाखला देऊ शकत नाही आणि मुलाचे नाव शासनाच्या विद्यार्थी नोंदणीत येत नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ वाटते. तेच मूल बारा वर्षांचे झाले आणि त्याला दुसऱ्या शाळेत घालायचे ठरले की मग ती बोचते. २०१६च्या अधिनियमानुसार दिव्यांगांसाठी संस्था चालवायला नोंदणी प्रमाणपत्र आवश्यक आहे. ते दाखवा असे म्हणण्यात संकोच करण्याचे कारण नाही. नीट चालणाऱ्या संस्थेत ते बहुधा कार्यालयाच्या भिंतीवरच लावलेले असते.

कागदांपैकी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्याला जोडलेले यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, हे लवकर करून घ्यावे. स्वमग्नतेसाठी हे प्रमाणपत्र देताना ‘इसा’ म्हणजे स्वमग्नता मोजण्याची भारतीय मापनश्रेणी वापरतात. तिच्यात सहा गटांत विभागलेल्या ४० बाबी आहेत. ७० ते १०६ गुण सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढचे तीव्र मानले जातात. प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ज्यांना मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांपर्यंत पोचणे कठीण आहे, त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रे सुरू झालेली आहेत. मात्र टक्केवारी पाहून शाळा ठरवू नये. ती सवलतींसाठी असते. एकाच टक्केवारीची दोन मुले मी शेजारी शेजारी बसलेली पाहिली आहेत : एक वाचू शकते पण आवाज झाला की कोलमडते, दुसरे गर्दीत हसत बसते पण भूक लागली हेही सांगू शकत नाही. या दोघांना एकच शाळा मानवेल असे मला वाटत नाही.

शाळा पाहायला जाताना

शाळा वार्षिक स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाहू नये. एखाद्या साध्या मंगळवारी साडेदहा-अकराच्या सुमारास, म्हणजे सकाळचा उत्साह ओसरलेला आणि डबा अजून व्हायचा असताना, जाण्याची परवानगी मागावी आणि एका वर्गात किमान पाऊण तास गप्प बसून राहावे. वर्गात पाहुण्यांनी बसल्याने मुले विचलित होतात, हे शाळेचे म्हणणे रास्त असू शकते. मग खिडकीतून किंवा दाराआडून पाहू द्यावे असे सुचवावे. पालकांना कोणत्याही प्रकारे आत डोकावू न देणाऱ्या शाळेत माझे मूल पाठवण्यास मी तयार होणार नाही, मग तिथे कितीही कॅमेरे लावलेले असोत.

त्या पाऊण तासात सर्वप्रथम हे पाहावे की वर्गातले मूल ‘नको’ कसे म्हणते. बोलणारे मूल बोलेल. न बोलणारे मूल हात ढकलेल, उठून जाईल, चित्रकार्ड देईल किंवा टॅबवरचे चित्र दाबेल. आणि ते ‘नको’ ऐकून ताई काय करतात, हे त्याहून बारकाईने पाहावे. प्रत्येक वेळी मुलाचे ऐकलेच पाहिजे असे नाही. परंतु ‘तुला नको आहे हे मला कळले, आपण अजून दोन मणी ओवू आणि मग थांबू’ असे सांगणारी शिक्षिका आणि मुलाचा हात न बोलता पुन्हा कामावर ठेवणारी शिक्षिका यांच्या हाताखाली पाच वर्षांनी दोन वेगळी माणसे घडतात. ज्या मुलाला शाळेत नकार देता येत नाही, त्याला पुढे कोणी गैरवागणूक दिली तर तेही सांगता येणार नाही. एवढ्या एका निकषावर शाळा निवडली तरी फारशी चूक होणार नाही, असे माझे मत झाले आहे.

संवादाची साधने कुठे ठेवलेली आहेत हेही त्यातूनच कळते. चित्रकार्डांची वही मुलाच्या गळ्यात किंवा बाकावर आहे, की कपाटात आहे? आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ‘जेलो’सारखे मराठीत चालणारे संवाद-ॲप शाळेत वापरत असतील तर ते दिवसभर मुलाच्या हाती असते, की केवळ वाचा-उपचाराच्या अर्ध्या तासात बाहेर येते? भिंतीवर दिवसाचे चित्रमय वेळापत्रक जवळपास सगळीकडे दिसते. ते रोज वापरले जाते का, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे : गुरुवारी गेलात आणि भिंतीवर अजून सोमवार लटकत असेल, तर ते वेळापत्रक पाहुण्यांसाठी आहे असे समजावे.

यानंतर शौचालय पाहावे. दार मुलाला आतून लावता येते का, पाण्याचा आवाज किती होतो, हात सुकवण्याचे यंत्र आहे का, कपडे बदलायला कोण मदत करते आणि त्या वेळी दुसरे मोठे माणूस आसपास असते का, हे विचारावे. डब्याच्या वेळी मुलांना बळेच भरवतात का तेही पाहावे, कारण चव, वास आणि स्पर्श यांबाबतची संवेदनशीलता आपल्या मुलांत फार असते आणि ‘सगळी भाजी संपवायचीच’ या नियमाने कित्येक मुलांनी शाळेत जेवणेच सोडलेले आहे. आवाज सहन न झालेल्या मुलाला बसायला शांत जागा आहे का, आणि ती जागा शिक्षेची म्हणून वापरली जात नाही ना, याची खात्री करावी.

मुख्याध्यापकांना विचारायच्या प्रश्नांपैकी एक प्रश्न मी कधीही वगळत नाही : एखादे मूल चावले, ओरबाडले किंवा डोके आपटू लागले तर तुम्ही काय करता? ‘आमच्याकडे असे होत नाही’ हे उत्तर मला पटत नाही. आधी काय घडले ते पाहतो, इतर मुलांना बाजूला नेतो, आवाज आणि माणसे कमी करतो, नंतर लिहून ठेवतो आणि त्याच दिवशी पालकांना कळवतो, अशा धर्तीचे उत्तर मिळाले तर त्या शाळेने हे प्रसंग खरोखर हाताळलेले आहेत. हात-पाय बांधणे, खोलीत कोंडणे, डबा काढून घेणे यांचा उल्लेख ‘शिस्त’ म्हणून झाला तर तिथून उठावे; शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने बंदी आहे. मूल ‘पूर्ण बरे’ करून देण्याची हमी देणाऱ्या, त्यासाठी पूरक औषधे, विशेष आहार किंवा मूलपेशींचे (स्टेम सेल) उपचार सुचवणाऱ्या ठिकाणी तर जाऊच नये.

शिक्षकांची पात्रता विचारताना भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी आहे का हे विचारावे. विशेष शिक्षक म्हणून काम करण्यासाठी ती लागते, आणि नोंदणी क्रमांक मागणे यात अपमान काही नाही. स्वमग्नता हाच विषय घेऊन पदविका केलेले शिक्षक शाळेत आहेत का, की सर्वांचे प्रशिक्षण बौद्धिक दिव्यांगत्वातले आहे, हेही पाहावे. परंतु पात्रतेइतकेच महत्त्व मी टिकण्याला देते. गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, या प्रश्नाचे उत्तर बाकीच्या कितीतरी प्रश्नांची उत्तरे देऊन जाते. दर सहा महिन्यांनी ताई बदलणाऱ्या शाळेत आपण एकदा प्रवेश घेतलेला असतो, पण मुलासाठी ती दर सहा महिन्यांनी नवी शाळा असते. बारा वर्षे त्याच शाळेत असलेल्या मावशींचे मोल म्हणूनच मला फार वाटते.

भाषेबाबत पालकांवर फार दडपण येते. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर ‘घरीही इंग्रजीच बोला, नाहीतर मुलाचा गोंधळ होईल’ असे सुचवले जाते, आणि मग आजी-आजोबा नातवाशी बोलायचेच थांबतात. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाची भाषा मागे पडते असे संशोधनात आढळलेले नाही. घरची भाषा सोडू नये. ज्या भाषेत मुलाला अंगाई ऐकू येते, ज्या भाषेत त्याला ‘ये, जेवायला बस’ म्हणतात, त्याच भाषेतले शब्द त्याच्या चित्रकार्डांवर असावेत, अशी मागणी शाळेकडे करावी. बदलीमुळे बंगळूरला किंवा हैदराबादला जाणाऱ्या कुटुंबांनी तर चित्रे तीच ठेवून त्यांखाली दोन्ही भाषांतले शब्द लिहून न्यावेत. चित्र ओळखीचे राहिले की नवा शब्द मुलाला परका वाटत नाही.

अंतराविषयी माझे मत ठाम आहे. लहान मुलाला एका बाजूला पाऊण तासाहून अधिक प्रवास करावा लागत असेल तर शाळा कितीही चांगली असली तरी दोनदा विचार करावा. डोंबिवलीहून दादरकडे किंवा हडपसरहून कोथरूडला व्हॅनने जाणाऱ्या मुलाची सगळी सहनशक्ती रस्त्यावरच संपते आणि वर्गात उरलेले मूल शिकण्याच्या स्थितीत नसते. ज्यांना पर्यायच नाही त्यांनी निदान व्हॅनमध्ये मूल कोणाशेजारी बसते, सोबत मावशी असतात का आणि गाणी किती मोठ्याने लागतात, हे चालकांशी बोलून ठरवून घ्यावे.

शुल्क विचारताना त्यात व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) आणि वाचा-उपचार धरलेले आहेत की त्यांचे पैसे वेगळे, मे महिन्याचे शुल्क द्यावे लागते का, आणि मध्येच शाळा सोडली तर अनामत परत मिळते का, एवढे लेखी घ्यावे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि त्यात नियमित उपचारांचाही समावेश आहे. जुन्या करप्रणालीत असणाऱ्यांना आयकर कायद्यातील ८०डीडी कलमाखाली ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळत आली आहे.

साधी शाळा की विशेष शाळा, हा वाद मी येथे लांबवत नाही. शासनमान्य साधी शाळा केवळ स्वमग्नता आहे म्हणून प्रवेश नाकारू शकत नाही; २०१६च्या अधिनियमाचे कलम १६ त्याविषयी स्पष्ट आहे. परंतु प्रवेश मिळणे आणि वर्गात सामावले जाणे यांत अंतर असते. मूल साध्या शाळेसाठी ‘तयार’ आहे का असे सगळे विचारतात. मी तोच प्रश्न शाळेला विचारते. वर्गात मुले किती आहेत, घंटा किती कर्कश आहे, परीक्षेत कोणत्या सवलती देता, मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ कोण असेल? सोबत्या शिक्षिकेची, म्हणजे ज्यांना मुंबई-पुण्यात सर्रास ‘शॅडो टीचर’ म्हणतात त्यांची, अट शाळेने घातली तर त्यांचे मानधन कोण देणार, त्यांना मार्गदर्शन कोण करणार आणि त्यांची मदत हळूहळू कशी कमी करणार, हे आधी ठरवावे. नाहीतर वर्गशिक्षिका त्या मुलाशी वर्षभर बोलतच नाहीत आणि मूल वर्गात असूनही वर्गाचे होत नाही.

शेवटचा निर्णय करण्यापूर्वी दोन-तीन अर्धे दिवस मुलाला तिथे बसवून पाहण्याची विनंती करावी. त्या काळात मूल रडले म्हणून शाळा वाईट ठरत नाही. रडणाऱ्या मुलाजवळ कोण गेले आणि कसे गेले, ते पाहावे.

शाळा केव्हा बदलावी

अंगावर खुलासा न होणाऱ्या जखमा दिसल्या, मूल एखाद्या विशिष्ट माणसाला पाहून थरथरू लागले, किंवा शाळेने काही दडवले असे कळले, तर त्याच दिवशी मूल घरी ठेवावे. वर्ष पूर्ण होण्याची वाट पाहू नये. इतर सर्व कारणांसाठी वेळ घ्यावा.

एका वाईट आठवड्यावरून, किंवा दुसऱ्या कोणाचे मूल अमुक शाळेत बोलू लागले म्हणून, शाळा बदलू नये. मुलाचे वागणे अचानक बिघडले तर आधी दात, कान, पोट आणि झोप तपासावी. बद्धकोष्ठाने हैराण झालेले मूल ‘शाळेला कंटाळले आहे’ असे समजून आम्ही दोन महिने घालवले आहेत. पौगंडावस्थेत स्वमग्न मुलांमध्ये फिट येण्याचे प्रमाण पुन्हा वाढते, तेव्हा क्षणभर हरवल्यासारखे होणे, मध्येच थिजणे अशा खुणा डॉक्टरांना सांगाव्यात.

बदलाचे खरे कारण बहुधा वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, म्हणजे शाळा प्रत्येक मुलाची उद्दिष्टे लिहिते त्या कागदात, सापडते. सलग तीन वर्षांचे आराखडे शेजारी ठेवावेत. ‘चार रंग ओळखणे’ हे उद्दिष्ट तिन्ही वर्षी तसेच असेल आणि ते का साधले नाही, पद्धत कोणती बदलली, याचा एकही शब्द नसेल, तर शाळेने मुलाकडून अपेक्षा करणे सोडले आहे असा त्याचा अर्थ होतो. त्याविषयी आधी ताईंशी आणि मग मुख्याध्यापकांशी बोलावे, एका सत्राची मुदत द्यावी आणि त्यानंतरच नवी शाळा शोधायला निघावे. वय हेही रास्त कारण आहे. चौदा वर्षांच्या मुलाला मिसरूड फुटलेले असताना तो सहा वर्षांच्या मुलांसोबत बडबडगीतांवर टाळ्या वाजवत असेल, तर त्याला वयाला साजेसे काम देणारी जागा हवी आहे.

बदल करताना

जूनमध्ये नवी शाळा हवी असेल तर शोध आदल्या दिवाळीनंतर सुरू व्हावा आणि मार्चपर्यंत निर्णय व्हावा. जुन्या शाळेशी संबंध बिघडवून निघू नये, कारण जी माहिती आपल्याला हवी असते ती त्यांच्याकडेच असते. शाळा सोडल्याचा दाखला, शेवटच्या दोन वर्षांचे आराखडे आणि प्रगती-अहवाल, व्यवसायोपचार व वाचा-उपचाराच्या नोंदी आणि नोंदणीतल्या विद्यार्थी क्रमांकाचे हस्तांतर, एवढे लेखी मागावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली घेणाऱ्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकांनी तत्काळ द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही.

परंतु पाण्याची बाटली या कागदांत नसते. म्हणून मी दोन पानांची ओळखवही लिहिते, आणि शाळा बदलणाऱ्या प्रत्येक पालकाने ती लिहावी असे मला मनापासून वाटते. ती लिहिण्यासाठी एका साध्या दिवसाचा सकाळपासून रात्रीपर्यंत पाठलाग करावा : उठतो कसा, काय खातो, कशातून पितो, शी-शूची खूण कोणती, कपड्याचे लेबल टोचते का, कोणत्या आवाजाने कान झाकतो. त्याचे स्वतःचे शब्द आणि हावभाव यांचा छोटा कोशच द्यावा. माझा मुलगा ‘गाडी’ म्हणतो तेव्हा त्याला घरी जायचे असते, आणि हे ठाऊक नसलेली व्यक्ती त्याला खेळण्यातली गाडी आणून देते. तो अस्वस्थ होऊ लागल्याची पहिली खूण कोणती, दुसरी कोणती, आणि त्या वेळी काय केले तर उपयोग होतो व काय केले तर परिस्थिती चिघळते, हे सर्वांत सविस्तर लिहावे. त्याला काय आवडते आणि काय चांगले येते याने सुरुवात करावी, कारण नव्या ताईंच्या मनात त्याचे पहिले चित्र त्या ओळींनी तयार होते. जुन्या ताई आणि मावशी यांना वही वाचून दाखवावी. आपल्याला माहीत नसलेल्या चार गोष्टी त्या नक्की सांगतात. सोबत पाच-सात मिनिटांचे चित्रीकरण द्यावे, ज्यात मूल जेवताना, काम करताना आणि चिडून मग शांत होताना दिसेल. अर्थात ते केवळ शिक्षकांनाच पाहू द्यावे आणि कोणत्याही गटावर टाकू नये. शक्य असेल तर जुन्या ताई आणि नव्या ताई यांचे फोनवर बोलणे घडवून आणावे. आमच्या तिसऱ्या बदलाच्या वेळी वीस मिनिटांच्या अशा एका बोलण्याने आमचे किमान दोन आठवडे वाचले.

मुलालाही कळवायचे असते, ते बोलत नसले तरी. नव्या शाळेचे फाटक, वर्ग, ताई, शौचालय आणि डबा खाण्याची जागा यांची छायाचित्रे काढून छोटे पुस्तक करावे आणि मे महिनाभर रोज एकदा पाहावे. रविवारी त्याच रस्त्याने जाऊन फाटकापर्यंत फिरून यावे. नवा गणवेश चार-पाच वेळा धुऊन मऊ करावा आणि घरी घालून पाहावा. जून म्हणजे पाऊस, आणि रेनकोटचा चरचरीत स्पर्श पुष्कळ मुलांना सहन होत नाही. तोही मेमध्येच अंगावर घालून पाहावा, छत्री चालते का ते पाहावे. जुन्या शाळेचा निरोप नीट व्हावा. शेवटच्या दिवशी ताईंसोबत काढलेले छायाचित्र त्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर लावावे, म्हणजे त्या ताई कुठे गेल्या या प्रश्नाला दाखवता येईल असे उत्तर राहते.

शाळा बदलताना बाकी सर्व होईल तितके तसेच ठेवावे. त्याच महिन्यात घर बदलणे, औषध बदलणे, बाटली सोडवणे, वेगळे झोपवणे यांपैकी काहीही करू नये. डबा तोच, दप्तर तेच, सकाळचे गाणे तेच असावे. पहिला आठवडा दीड-दोन तास, दुसरा अर्धा दिवस आणि मग पूर्ण वेळ, असे वेळापत्रक शाळेकडून आधीच मान्य करून घ्यावे; नोकरी करणाऱ्या पालकांनी त्यासाठी रजा राखून ठेवावी. वर्षाच्या मध्येच बदल करावा लागला तर गणपती आणि नवरात्राचे दिवस टाळावेत, कारण ढोल-ताशांनी झोप मोडलेल्या मुलावर नव्या शाळेचा भार टाकणे योग्य नाही.

पहिले सहा ते आठ आठवडे मूल मागे गेल्यासारखे दिसते. कपड्यांत शू होण्याची सुटलेली सवय पुन्हा लागते, आलेले शब्द गप्प होतात, झोप विस्कटते. या काळात नव्या शाळेविषयी निकाल देऊ नये आणि ताईंना रोज दहा प्रश्नही विचारू नयेत. वहीत तीनच गोष्टी लिहून मागाव्यात : काय खाल्ले-प्याले, शौचालयात गेला का, आणि दिवसातली शांत वेळ कोणती होती. तिसरा प्रश्न मला सर्वांत उपयोगी पडला, कारण शांत वेळ कळली की तिच्या आजूबाजूने बाकीचा दिवस रचता येतो. आठव्या आठवड्याच्या अखेरीस ताईंसोबत बसून नवा आराखडा ठरवावा आणि ओळखवहीतल्या कोणत्या गोष्टी आता खऱ्या राहिल्या नाहीत, हे त्यांनाच विचारावे. माझा मुलगा आता पेल्यातून पाणी पितो. ते मला त्यांनीच सांगितले.

अठराव्या वर्षाकडे

बारा-तेराव्या वर्षापासून पुढच्या बदलाचा विचार सुरू करावा लागतो. वाचता-लिहिता येणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी सोयीची आहे : किमान वय १४, विषय पाच, आणि ते पाच वर्षांत नऊ संधींमध्ये टप्प्याटप्प्याने देता येतात. मराठी माध्यमही उपलब्ध आहे, आणि चित्रकला, गृहविज्ञान यांसारखे विषय घेता येतात. अशा वेळी शाळेचा दाखला आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाती असलेले बरे, म्हणूनच मान्यतेचा मुद्दा आरंभी इतक्या आग्रहाने मांडला. परीक्षेच्या वाटेने न जाणाऱ्या मुलांसाठी व्यवसाय प्रशिक्षण असलेली कार्यशाळा शोधताना वर दिलेली पाहणी तशीच करावी. ‘नको’ कसे म्हणतात हा प्रश्न तिथे अधिकच महत्त्वाचा ठरतो. अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. ज्यांना गरज आहे त्यांनी राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा आणि त्याची कागदपत्रे सतराव्या वर्षीच गोळा करायला घ्यावीत.

ओळखवही मात्र शाळा बदलो वा न बदलो, दर वर्षी मे महिन्यात नव्याने लिहावी. जुन्या वह्या टाकून देऊ नयेत. तारीख घालून एका फाइलमध्ये ठेवाव्यात आणि ती फाइल घरात कुठे आहे हे आपल्याखेरीज आणखी दोन माणसांना सांगून ठेवावे.